दाराकडे तोंड करून ठेवलेले बूट

"घ्या हो दाजी, अजून एक तुकडा घ्या. डोळ्यांत पाणी आलं तरी इथं कोणी विचारणार नाही," असे म्हणत ब्योन मॅडमनी मुरवलेल्या पाकटाचा जाड तुकडा ओक दोंग-सूच्या ताटलीत ठेवला.

तो मासा खाल्ला की नाकातून कळ थेट डोक्यात जाते आणि डोळे भरून येतात. कोरियाच्या दक्षिण टोकावरच्या मोकपो बंदरातल्या माणसांना त्याची सवय असते. दोंग-सूचे डोळे हल्ली मासा नसतानाही भरून येत. त्याने तुकडा तोंडात टाकला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

"बस सव्वासहाला येते," तो म्हणाला.

"विमानतळाची बस कधी वेळेवर आलीये? त्यात बाहेर धुकं बघा केवढं पडलंय. बसा निवांत." मॅडमनी त्याच्या वाटीत तांदळाची दारू ओतली. "मुलगी बरी आहे ना? फोटोत तरी हसरी दिसते. पालकांना हसरा चेहरा लागतो. मागचा तो तोंड पाडून शिकवायचा, अर्धा वर्ग गळाला माझा."

"चांगली आहे. आयर्लंडची. आपल्या डेक्लनची मावसबहीण."

मॅडमनी दारूची किटली खाली ठेवली. "डेक्लन म्हणजे तो आजारी पडला होता तोच ना?"

"आजारी नव्हता पडला तो."

"बरं बाबा, नव्हता. जुन्या गोष्टी उकरून काय मिळणारे? खा."

ब्योन मॅडमचे बंदरामागे इंग्रजीचे क्लास होते आणि त्यांना परदेशी शिक्षक आणून द्यायचे काम दोंग-सूकडे होते. खरे तर ते काम त्याच्या बायकोचे, मी-रानचे. दोंग-सू गाडी चालवायचा, कागदांवर शिक्के मारून आणायचा, शिक्षकांच्या बॅगा उचलायचा. बोलायची ती.

इकडे येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला सोल हवे असते, नाही तर बुसान. मोठ्या एजन्सी फोटो लावलेले अर्ज गोळा करतात, व्हिडिओवर मुलाखत घडवतात आणि माणूस कुठल्या तरी शाळेच्या पदरात टाकून मोकळ्या होतात. मोकपोच्या वाट्याला उरलेसुरले येत. मी-रानची रीत वेगळी होती. शिक्षकाला द्यायची खोली ती आधी स्वतः बघायची. नुसती बघायची नाही, तर तिथे जमिनीवर थोडा वेळ पडून राहायची आणि मगच हो म्हणायची. तिने आणलेली मुले वर्ष-दोन वर्षे राहून आपापल्या देशी परत जात आणि मित्रांना, भावंडांना, कॉलेजातल्या सोबत्यांना सांगत, ‘कोरियाला चाललायस तर मोकपोच्या मी-रानला लिही. ती तुला वाईट घरात टाकणार नाही.’ दुसरी जाहिरात तिने कधी केली नाही. टर्मिनसवर ती स्वतः उभी राहायची. दमलेल्या माणसाला गर्दीत लांबून दिसावी म्हणून हाताने विणलेली पिवळीधमक टोपी घालायची. हातात सातूच्या चहाचे दोन कागदी पेले. आणि पहिले वाक्य ठरलेले, "जेवून घे, मग बोलू."

गेल्या शरदात ती पोटाच्या दुखण्याने गेली.

त्यानंतर महिनाभराने एका अनोळखी मुलाची मेल आली. ‘प्रिय मी-रान’ अशी सुरुवात होती. दोंग-सूने शब्दकोश घेऊन कसेबसे उत्तर लिहिले. खाली नाव काय घालावे, यावर तो बराच वेळ बसून राहिला आणि शेवटी त्याने ‘मी-रान’ असे लिहिले. तेव्हापासून तो तसेच लिहीत आला. ती नाही हे कळले तर मोडक्या इंग्रजीच्या म्हाताऱ्याला कोण विचारणार, हे एक कारण. दुसरे असे की ते नाव लिहिताना घरात कोणी तरी असल्यासारखे वाटे.

एक-दोन गोष्टी मात्र त्याला नीट लागत नव्हत्या. या आयरिश मुलीने, ओर्लाने, शेवटच्या मेलमध्ये आभार मानले होते. लोकरीचे मोजे आणायला आणि बसमध्ये डाव्या खिडकीशी बसायला सांगितलेत ते बरे केलेत, असे लिहिले होते. आपण असे काही लिहिल्याचे दोंग-सूला आठवेना. त्या आठवड्यात पिणे जरा जास्त झाले होते, म्हणून त्याने तो विषय सोडून दिला. तसेच बुटांचे. मी-रानची आई बेटावर लॉज चालवायची. पाहुणा आत गेला की त्याचे बूट फिरवून दाराकडे तोंड करून ठेवायचे, म्हणजे निघताना त्याला अवघडावे लागत नाही, ही तिची शिकवण. मी-रान घरात दोंग-सूचे बूटही तसेच फिरवून ठेवायची. आणि ती गेल्यावरही रोज सकाळी त्याचे बूट दाराकडे तोंड करून असत. इतक्या वर्षांच्या सवयीने आपणच ठेवत असू, असे तो स्वतःला सांगे. ठेवल्याचे आठवत मात्र नसे.

"दाजी," ब्योन मॅडम तोंड पुसत म्हणाल्या, "एक सांगायचं राहिलं. मुलीची सोय डोंगराजवळच्या खोलीत केलीये."

दोंग-सूने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "कुठल्या खोलीत?"

"माझ्या भावाच्या. तीच ती. बंदराजवळची जागा मी सोडली, भाडं परवडत नाही."

त्याच खोलीत डेक्लन राहायचा. एका सकाळी तो वर्गावर आला नाही म्हणून मी-रान पाहायला गेली, तर तो जमिनीवर निपचित पडलेला. जमीन तापवणाऱ्या बॉयलरचा धूर बाहेर जायच्या ऐवजी रात्रभर आत साठला होता. तिने त्याला पाय धरून जिन्यावर ओढत आणले. त्यानंतर तिने मॅडमना बजावले होते की मी आहे तोवर त्या खोलीत माणूस जाणार नाही.

"मी-रान नको म्हणाली होती," दोंग-सू म्हणाला.

"ताई म्हणाली तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आता दुरुस्त केलाय. माझा भाचा बघून गेला."

"भाचा बॉयलरचं काम करतो?"

"मोबाईल दुरुस्त करतो. पण हात चांगलाय त्याचा. परवापासून बॉयलर लावूनच ठेवलाय मी. पोरगी लांबून यायची, पायाखाली जमीन कशी गरम लागली पाहिजे." मग त्यांनी आवाज खाली आणला. "दाजी, सोलची एजन्सी रोज फोन करते मला. ताईच्या नावाखातर मी तुम्हाला धरून आहे. तुम्हाला नको असेल तर तसं सांगा, माझी जबरदस्ती नाही."

बाकीच्या शाळांनी हिवाळ्यातच त्याला सोडले होते. ही एकच उरली होती.

"भाच्याने नीट पाहिलंय ना?" त्याने विचारले.

"पाहिलंय हो! घ्या, अजून एक घोट घ्या."

"मग ठीक आहे," दोंग-सू म्हणाला. मासा केव्हाच घशाखाली उतरला होता. ते ‘ठीक आहे’ मात्र तिथेच अडकून राहिले.

तो टर्मिनसवर पोहोचला तेव्हा बस फलाटाला लागून रिकामी उभी होती. समुद्रावरून आलेले धुके छपराखाली शिरले होते आणि दिव्यांभोवती पांढरे गोळे झाले होते. ड्रायव्हर पायऱ्या झाडत होता.

"लवकर आलात?" दोंग-सूने विचारले.

"रस्ता मोकळा मिळाला. का? कोणाला न्यायचं होतं?"

"परदेशी मुलगी. एकटीच होती."

"लाल बॅगवाली? ती गेली की. न्यायला आली होती ना एक बाई."

"कोण बाई?"

"आता ते मी कसं सांगणार? पिवळी टोपी होती डोक्याला. हातात चहाचे पेले." ड्रायव्हरने झाडू आपटला. "तुमच्याच घरची असेल. घरात विचारायचं सोडून मला काय विचारताय?"

दोंग-सू बाकावर बसला. मी-रानचे कपडे रितीप्रमाणे त्याने स्वतः जाळले होते. टोपी सर्वांत शेवटी आगीत टाकली होती. लोकर लवकर पेटत नाही, नुसती आकसत जाते. तिची राख होईपर्यंत तो तिथून हलला नव्हता.

पिवळ्या टोप्या जगात पुष्कळ असतात, असे मनाशी म्हणत तो उठला. कोणी तरी मुलीला फसवून नेले असणार. किंवा मॅडमनीच कोणाला पाठवले असेल. तसे असेल तर मुलगी डोंगराजवळच्या खोलीत असणार. तो चढ चढून गेला. धुक्यात पुढची पायरी दिसत नव्हती. खोलीत अंधार होता. बॉयलरची घरघर ऐकू येत होती आणि खिडकीच्या काचेवर आतून पाणी ओघळत होते. त्याने दार वाजवले, हाका मारल्या. मग हाताला दाराबाहेरचे कुलूप लागले; आत कोणी नव्हते.

ती इथे नाही हे बरे झाले, असे त्याच्या मनात आले. आणि मग आपल्याच विचाराची त्याला भीती वाटली.

पोलिसांत जाण्याआधी पैसे आणि कागद घ्यावेत म्हणून तो घरी वळला. गल्लीच्या टोकावरूनच त्याला दिसले की त्याच्या स्वयंपाकघरात दिवा लागला आहे.

त्याने दाराच्या कुलपाचे आकडे दाबले. आत, उंबऱ्यापाशी, चिखल लागलेले मोठे परदेशी बूट होते. त्यांची तोंडे दाराकडे होती.

लाल केसांची एक मुलगी जमिनीवर बसून भात खात होती. त्याला पाहून ती गडबडीने उठली.

"तुम्ही मिस्टर ओक ना? माफ करा हं, मी जेवायलाच बसले. त्या म्हणाल्या, जेवून घे, मग बोलू."

ती इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत होती. त्याच्यासाठी असे बोल, हेही तिला कोणी तरी सांगितले असावे.

"कोण म्हणाली?" दोंग-सूने विचारले.

"मी-रान."

"कुठे... कुठे आहे ती?"

"परत गेल्या. अजून एक बस यायचीये म्हणाल्या. मला वाटलं, वाटेत तुमची गाठ पडली असेल."

दोंग-सू तिच्यासमोर खाली बसला.

"तू आत कशी आलीस?"

"त्यांनीच उघडलं की. आधी आकडे दाबले ते चुकले. मग हसल्या आणि म्हणाल्या, ‘बदललेत वाटतं यांनी. यांना वाटतं मला कळणार नाही.’ मग दुसरे दाबले." ओर्लाने त्याच्याकडे नीट पाहिले. "तुम्हाला बरं नाही का?"

पूर्वीचे आकडे त्यांच्या लग्नाच्या तारखेचे होते. ती गेल्यावर ते दाबायला बोट धजेना, म्हणून त्याने ती गेली त्या दिवसाची तारीख घातली होती. हे त्याने कोणाला सांगितले नव्हते, कुठे लिहूनही ठेवले नव्हते.

"ती... बरी होती?" त्याने विचारले. दुसरा प्रश्न त्याला सुचला नाही.

"मजेत होत्या. भराभर चालत होत्या, मीच मागे पडत होते. हात मात्र फार गार हो. मी म्हटलंसुद्धा, हातमोजे घालत जा." ओर्ला थोडी घुटमळली. "आणि त्यांच्या टोपीला धुराचा वास येत होता. आमच्या आजीकडे शेगडीपाशी मोजे करपले की यायचा ना, तसा."

भात शिजवायच्या भांड्याच्या झाकणापाशी बारीकसा आवाज झाला. दोघेही तिकडे वळले. वाफ जात होती.

"आणखी काय म्हणाली?"

"म्हणाल्या, आज इथंच झोप, डोंगराजवळ जायचं नाही. उद्या ते तुझ्यासाठी चांगली जागा बघतील." मग ती हसली. "आणि म्हणाल्या, माणूस सरळ आहे, फक्त त्याला कोणाचा आग्रह मोडवत नाही."

दोंग-सूने मान खाली घातली.

"माझी मावशी अजून त्यांच्या नावाने चर्चमध्ये मेणबत्ती लावते," ओर्ला म्हणाली. "डेक्लनला त्यांनी वाचवलं म्हणून. मला इथं पाठवायला आई तयारच नव्हती. मावशी म्हणाली, मी-रान आहे ना तिथं, मग काय काळजी!"

त्याने तिला आतल्या खोलीत अंथरूण घालून दिले आणि स्वतः बाहेरच्या खोलीत, दाराशी पडून राहिला. आकड्यांचा आवाज पुन्हा होईल म्हणून तो कान देऊन होता. तो झाला नाही.

उजाडताच तो डोंगराजवळच्या खोलीकडे गेला. डेक्लनच्या वेळेपासून घरी पडून असलेल्या किल्लीने दार उघडताच ओलसर उष्ण हवा अंगावर आली. आत पाऊल टाकण्यापूर्वी त्याची नजर खाली गेली. नव्या माणसासाठी आणलेल्या गुलाबी सपाता उंबऱ्याशी जोडीने मांडलेल्या होत्या. त्यांची तोंडे बाहेर होती, दाराकडे.

तोंडाला रुमाल धरून त्याने खिडक्या उघडल्या आणि मागच्या गॅलरीत गेला. बॉयलरची धुराची नळी भिंतीतल्या भोकातून निसटून आतल्या बाजूला लोंबत होती. तिला गुंडाळलेली चिकटपट्टी उष्णतेने सुटली होती. त्याने गॅस बंद केला. एवढ्यातच त्याचे डोके जड झाले, जिन्यावर येऊन बसावे लागले. काल ती पोरगी दमून या जमिनीवर झोपली असती.

त्याने तिथूनच ब्योन मॅडमना फोन लावला.

"खोलीत कोण आलं होतं?" त्याने विचारले.

"कोण येणार? मीच गेले होते परवा, सपाता ठेवायला."

"कशा ठेवल्या होत्या?"

"कशा म्हणजे? तोंड आत करून. नवं माणूस आत यायचं, मग कशा ठेवणार? सकाळी सकाळी हे काय विचारताय दाजी, उतरली नाही का अजून?"

"नळी सुटलीये मॅडम. धूर आत येतोय. मी गॅस बंद केलाय आणि गॅसवाल्यांना बोलावलंय. मुलगी इथं राहणार नाही. दुसरंही कोणी राहणार नाही."

"अहो, उद्या वर्ग सुरू होतायत! भाच्याला पाठवते, पट्टी लावून देईल."

"पट्टीच लावली होती त्याने."

"काल तर ठीक आहे म्हणालात."

"काल चुकलं माझं. दुसरी जागा घ्या, ती उद्या वर्गावर येईल. तोवर माझ्या घरी राहील. नाही घेतलीत तर मी तिला दुसरी शाळा बघतो."

"कुठली शाळा? दाजी, तुम्हाला ओळखतं कोण? नाव चालायचं ते ताईचं."

"हो," दोंग-सू म्हणाला. "तिचंच चालायचं."

"मग यापुढे मी सोलवाल्यांनाच सांगत जाईन. वाईट वाटून घेऊ नका."

"नाही वाटणार. फक्त त्यांनाही आधी खोली बघायला सांगा."

दुपारी मॅडमचा निरोप आला. टर्मिनसमागे एक खोली घेतली होती, पंधरवड्यात रिकामी होणार होती. मुलीचा व्हिसा त्यांच्या शाळेच्या नावावर होता, त्यामुळे त्यांनाही गत्यंतर नव्हते. खाली लिहिले होते, ‘तुमच्याकडून ही शेवटची.’

दोंग-सू ती खोली बघून आला. भाडेकरूची परवानगी काढून जमिनीवर थोडा वेळ पडून राहिला. भाडेकरू दारात उभा राहून हसत होता.

संध्याकाळी त्याने ओर्लाला समोर बसवले. त्याने वाक्ये आधी कागदावर लिहून पाठ केली होती.

"मी-रान गेल्या शरदात वारली. तुला आलेली पत्रं मी लिहिली. मी खोटं बोललो. माफ कर."

ओर्लाने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिले. शोकाची काळी फीत लावलेल्या फोटोत मी-रान तीच टोपी घालून हसत होती; ती फीत काल ओर्लाला नुसती सजावट वाटली होती. ओर्लाचा चेहरा उतरला. तिने हळूच आपला उजवा हात डाव्या हातात घेतला. काल कोणी तरी तो धरून तिला घरापर्यंत आणले होते.

"मग काल..."

"मला माहीत नाही," दोंग-सू म्हणाला.

सिंकपाशी सातूच्या चहाचा कागदी पेला तसाच होता. तो कोणीच उचलला नाही. मग ओर्लाने विचारले, "मोजे आणि खिडकी, तेही तुम्ही लिहिलं होतं?"

"ते नाही."

तिने मान हलवली. मग उठून तिने दोन वाट्यांत भात वाढला आणि एक त्याच्यासमोर ठेवली.

जेवण झाल्यावर दोंग-सू मेल लिहायला बसला. मी-रानने आणलेल्या साऱ्या मुलांना एकच मेल. ती गेली. कधी गेली. कशाने गेली. तुमची आठवण काढायची. मी तिच्या नावाने लिहीत होतो, ते चुकीचे होते. तुमच्या ओळखीचे कोणी इकडे येणार असेल, तर मी खोली बघून देईन. माझे इंग्रजी वाईट आहे. एवढेच. खाली सवयीने त्याने ‘मी-रान’ लिहिले. मग एकेक अक्षर पुसले आणि ‘ओक दोंग-सू’ असे लिहून मेल पाठवली.

त्या रात्री त्याला कित्येक महिन्यांनी झोप लागली.

सकाळी ओर्ला पहिल्या वर्गासाठी तयार होऊन आतल्या खोलीत केस विंचरत होती. तिला शाळेत सोडायचे म्हणून दोंग-सू दाराशी आला आणि तिथेच थांबला.

त्याचे बूट काल काढले तसेच होते. एक आडवा पडलेला, दुसऱ्याचे तोंड घराच्या आत. ओर्लाचे बूटही तसेच, नाडी लोळत असलेले.

घरात कसलाही आवाज नव्हता.

मग तो गुडघ्यावर टेकून खाली बसला. आधी त्याने मुलीचे बूट उचलले, नाड्या आत घातल्या आणि ते दाराकडे तोंड करून ठेवले. मग आपले बूट शेजारी लावले. मध्ये एका जोडाइतकी जागा राहिली होती. ती त्याने तशीच ठेवली.